बिझनेस इंटेलिजन्स विश्लेषक

बिझनेस इंटेलिजन्स विश्लेषक (संक्षेपाने बीआय विश्लेषक) म्हणजे संस्थेच्या व्यवहारांतून साठलेली विदा, अर्थात डेटा, गोळा करून, तपासून व अर्थपूर्ण रीतीने मांडून व्यवस्थापनाला निर्णयासाठी माहिती पुरवणारा व्यावसायिक होय. विक्री, खरेदी, शिल्लक माल, वसुली, ग्राहकांच्या तक्रारी, कर्मचाऱ्यांची हजेरी अशा दैनंदिन नोंदी हा त्याच्या कामाचा कच्चा माल असतो. अहवाल, तक्ते, आलेख व डॅशबोर्ड हे त्या कामाचे दृश्य फलित असते. बँका, विमा, किरकोळ विक्री, दूरसंचार, आरोग्यसेवा, वाहतूक व उत्पादन उद्योग अशा अनेक क्षेत्रांत हे पद आढळते. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या पुरस्काराने चालणाऱ्या ओ-नेट या व्यवसायसूचीत या पदाची १५-२०५१.०१ या संकेतांकाखाली स्वतंत्र नोंद आहे.

या व्यवसायाची ओळख बहुधा सॉफ्टवेअरच्या नावांवरून करून दिली जाते. मात्र त्यातील सर्वांत अवघड व जबाबदारीचा भाग म्हणजे एखादा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही हे ठरवणे. अशा आकड्यांच्या आधारे शाखा बंद होतात, बढत्या अडतात, मालाच्या मागण्या कमी-अधिक केल्या जातात. त्यामुळे चुकीच्या आकड्याची किंमत तो आकडा काढणाऱ्यापेक्षा इतरांनाच अधिक मोजावी लागते.

नावाचा अर्थ

'इंटेलिजन्स' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बुद्धिमत्ता, दुसरा वार्ता, खबर किंवा हेरांनी आणलेली माहिती. या पदाच्या नावात दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. म्हणून 'व्यवसाय बुद्धिमत्ता' हा मराठीत कधीकधी आढळणारा प्रतिशब्द शब्दशः असला, तरी मूळ आशयापासून काहीसा दूर जातो. 'व्यवसायवार्ता' हा शब्द आशयाच्या अधिक जवळचा ठरला असता. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात 'बिझनेस इंटेलिजन्स' अथवा 'बीआय' हेच शब्द रूढ झाले आहेत.

इतिहास

'बिझनेस इंटेलिजन्स' या शब्दप्रयोगाचा सर्वांत जुना ज्ञात वापर रिचर्ड मिलर डेव्हन्स या अमेरिकन लेखकाच्या १८६५ मधील व्यापारविषयक आख्यायिकांच्या कोशात आढळतो. सर हेन्री फर्नेस या इंग्लिश सावकाराने युरोपातील युद्धांच्या बातम्या प्रतिस्पर्ध्यांच्या आधी मिळवून नफा कसा कमावला, हे सांगताना डेव्हन्सने तो वापरला आहे.

१९५८ मध्ये आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी याच नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. संस्थेत येणारी कागदपत्रे यंत्राच्या साहाय्याने वाचून, त्यांचा सारांश काढून ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावीत, अशी त्यांची कल्पना होती. १९७० मध्ये आयबीएममधीलच एडगर कॉड यांनी विदेची मांडणी परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपात करण्याचे प्रारूप मांडले. त्या आधारावर डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी विकसित केलेली भाषा आज एसक्यूएल या नावाने ओळखली जाते.

१९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेस्नर यांनी निर्णयाला साहाय्य करणाऱ्या विविध पद्धतींसाठी 'बिझनेस इंटेलिजन्स' ही व्यापक संज्ञा प्रचलित केली. पुढे बिल इनमन (१९९२) व राल्फ किंबॉल (१९९६) यांच्या ग्रंथांनी डेटा वेअरहाऊस, म्हणजे निरनिराळ्या विभागांच्या नोंदी विश्लेषणासाठी एकत्र ठेवण्याचे कोठार, कसे उभारावे याच्या दोन भिन्न विचारसरणी रूढ केल्या. संपूर्ण संस्थेसाठी आधी एकच सुसंगत कोठार असावे, यावर इनमन यांचा भर होता. किंबॉल यांनी विक्री, साठा अशा एकेका व्यवहाराभोवती सोपी रचना करत पुढे जाण्याचा मार्ग सुचवला.

सुरुवातीला अहवाल तयार करणे हे संगणक विभागाचे काम होते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या टॅब्लो या कंपनीची आज्ञावली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेले मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय यांसारख्या साधनांमुळे ते काम विभागातील विश्लेषकाच्या हाती आले.

कामाचे स्वरूप

बीआय विश्लेषकाचे काम साधारणपणे पुढील क्रमाने चालते.

१. प्रश्न समजून घेणे. 'विक्रीचा अहवाल हवा' ही मागणी बहुधा अपुरी असते. अहवाल पाहून कोण, केव्हा व कोणता निर्णय घेणार आहे, हे आधी विचारावे लागते.

२. व्याख्या निश्चित करणे. मागणीतील प्रत्येक संज्ञेचा अर्थ संबंधित विभागांच्या संमतीने ठरवून लिहून ठेवला जातो.

३. विदा मिळवणे व स्वच्छ करणे. वगळलेल्या, दुबार किंवा विसंगत नोंदी शोधून त्यांची कारणे तपासली जातात.

४. जोडणी व गणना. निरनिराळे तक्ते एसक्यूएलद्वारे जोडून बेरजा, सरासरी, प्रमाण इत्यादी काढले जातात.

५. पडताळणी. आलेला आकडा स्वतंत्र मार्गाने, उदाहरणार्थ लेखा विभागाच्या ताळ्याशी, जुळवून पाहिला जातो.

६. मांडणी व स्पष्टीकरण. निष्कर्ष आलेख, डॅशबोर्ड अथवा टिपणाच्या रूपात सादर करून त्याच्या मर्यादाही सांगितल्या जातात.

डॅशबोर्ड प्रसिद्ध झाल्यावर काम संपत नाही. मूळ नोंदींची रचना बदलली, नवी शाखा उघडली किंवा करआकारणीचा दर बदलला, की गणना पुन्हा तपासावी लागते.

व्याख्यांचे महत्त्व

एकाच संस्थेतील दोन विभागांनी एकाच महिन्याच्या विक्रीचे दोन आकडे सादर करणे, ही या क्षेत्रातील नेहमीची अडचण आहे. दोन्ही आकडे आपापल्या परीने बरोबर असू शकतात. १८ टक्के वस्तू व सेवा कर लागणाऱ्या मालाची करासह विक्री १,१८,००० रुपये असेल, तर करावेगळी विक्री १,००,००० रुपये होते. परत आलेला माल वजा केला की आकडा आणखी बदलतो. बिलाची तारीख धरली की माल पोहोचल्याची, यावरही तो अवलंबून असतो. 'सक्रिय ग्राहक' या संज्ञेतही विक्री विभागाला गेल्या वर्षभरात खरेदी केलेला ग्राहक अभिप्रेत असू शकतो, तर जाहिरात विभागाला गेल्या महिन्यात संकेतस्थळाला भेट दिलेला. म्हणून अनुभवी विश्लेषक डॅशबोर्डबरोबरच संज्ञांचा एक छोटा कोश राखतात व त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची तारीख नोंदवतात.

नेहमी आढळणाऱ्या चुका

सण व महिने

भारतातील विक्रीवर चांद्र पंचांगाचा मोठा प्रभाव पडतो, तर अहवाल इंग्रजी महिन्यांनुसार होतात. २०२२ मध्ये पितृपक्ष सप्टेंबरातच संपला व लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत चालला व लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. कापड, दागिने किंवा घरगुती उपकरणे विकणाऱ्या दुकानाच्या या दोन ऑक्टोबर महिन्यांची थेट तुलना केल्यास २०२३ मध्ये व्यवसाय घसरल्याचा भास होऊ शकतो. अशा तुलनेवरून दुकानाच्या व्यवस्थापकाचे मूल्यमापन झाले, तर पंचांगातील बदलाचा दोष त्याच्या माथी येतो. दसरा किंवा लक्ष्मीपूजन हा आरंभबिंदू धरून त्याआधीच्या ठरावीक दिवसांची तुलना करणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

स्थळनामे व सीमा

महाराष्ट्रात शिरूर हा तालुका पुणे जिल्ह्यात आहे. त्याखेरीज बीड जिल्ह्यात शिरूर कासार व लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हे तालुके आहेत. केवळ नावावरून तक्ते जोडल्यास या तिघांची सरमिसळ होते. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुने व नवे नाव एकत्र न केल्यास एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे दिसतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाल्याने ठाणे जिल्ह्याच्या त्याआधीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. अशा ठिकाणी नावाऐवजी प्रशासकीय संकेतांक वापरणे व सीमाबदलाची टीप देणे आवश्यक असते.

सरासरी

कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या दैनिक तक्त्यात आवक क्विंटलमध्ये व दर किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन रूपांत दिलेले असतात. समजा, एका बाजारात १०,००० क्विंटल कांद्याला १,२०० रुपये व दुसऱ्या बाजारात १०० क्विंटलला २,००० रुपये सर्वसाधारण दर मिळाला. दोन दरांची साधी सरासरी १,६०० रुपये येते. आवकेचा भार देऊन काढलेली सरासरी सुमारे १,२०८ रुपये येते. बहुसंख्य शेतकऱ्यांच्या पदरात काय पडले, हे दुसऱ्या आकड्यावरून कळते.

जोडणीतील दुबार मोजणी

बिलांचा एक तक्ता व बिलातील वस्तूंचा दुसरा तक्ता जोडला असता, तीन वस्तू असलेल्या बिलाची रक्कम तीन ओळींत उतरते. ९०० रुपयांचे बिल मग २,७०० रुपयांचे दिसते. संगणक अशा वेळी कोणतीही त्रुटी दाखवत नाही, कारण आज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. जोडणीपूर्वीची व नंतरची ओळींची संख्या आणि बेरीज ताडून पाहणे ही नवशिक्या विश्लेषकाने लावून घ्यावयाची पहिली सवय मानली जाते.

एकत्रित आकड्यांचा भुलावा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ मधील पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना प्रवेश मिळाला होता. विभागवार पाहता मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध असा भेद आढळला नाही. ज्या विभागांत एकूणच कमी जणांना प्रवेश मिळतो, तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. हा प्रकार सिम्पसनचा विरोधाभास म्हणून ओळखला जातो. फ्रान्सिस अँसकोम यांनी १९७३ मध्ये रचलेल्या चार विदासंचांत सरासरी, विचरण व सहसंबंध जवळजवळ सारखे आहेत, परंतु त्यांचे आलेख पूर्णपणे वेगळे दिसतात. आकड्यांचा सारांश काढण्यापूर्वी आलेख पाहावा, हा धडा त्यावरून दिला जातो.

आवश्यक कौशल्ये

तांत्रिक कौशल्यांत एसक्यूएलला प्रथम स्थान आहे. साधने बदलली तरी ती भाषा जवळपास सर्वत्र लागते. त्याखालोखाल एक्सेल, पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक किंवा लुकर यांपैकी एखादे दृश्य-मांडणीचे साधन, तसेच डेटा वेअरहाऊसच्या रचनेचे ज्ञान अपेक्षित असते. पायथन किंवा आर या संगणकीय भाषा उपयुक्त असल्या, तरी सुरुवातीच्या प्रत्येक पदासाठी अनिवार्य नसतात. संख्याशास्त्रात सरासरी, मध्यक, विचलन, नमुना निवड, सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील फरक यांची पक्की जाण लागते.

व्यवसायाचे ज्ञान तितकेच आवश्यक आहे. जमा-नावे, ताळेबंद, उधारीची मुदत, मालाची शिल्लक या गोष्टी समजणारा वाणिज्य पदवीधर अनेक बाबतींत तांत्रिक पदवीधराच्या पुढे असतो. नोंद प्रत्यक्ष कशी होते हे पाहणेही महत्त्वाचे ठरते. गोदामातील किंवा कारखान्यातील कर्मचारी एखादा रकाना नेहमी रिकामा का सोडतो, याचे उत्तर संगणकात सापडत नाही. ते त्याच्याशी बोलूनच कळते. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत अशा संवादासाठी मराठी उपयोगी पडते, तर अहवाललेखन व बहुतेक बैठकांसाठी इंग्रजी लागते. याशिवाय मोजक्या शब्दांत स्पष्ट लिहिण्याची क्षमता आणि वरिष्ठांना अप्रिय वाटणारा निष्कर्षही शांतपणे मांडण्याची तयारी हवी.

शिक्षण व प्रवेशमार्ग

या पदासाठी कोणतीही एक पदवी बंधनकारक नाही. संख्याशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, वाणिज्य, संगणकशास्त्र, अभियांत्रिकी व व्यवस्थापन या शाखांतील पदवीधर येथे येतात. भारतात संख्याशास्त्राच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून अर्थशास्त्रीय विदेवर आधारित संशोधन करीत आहे.

मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० ही पॉवर बीआयवरील परीक्षा, टॅब्लोच्या परीक्षा व गुगलचा डेटा विश्लेषणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे जगभर परिचित आहेत. भारत सरकारचे स्वयं व आयआयटींच्या सहभागातून चालणारे एनपीटीईएल यांवर संख्याशास्त्र व डेटाबेसचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्रामुळे साधनाची ओळख सिद्ध होते. विचार करण्याची क्षमता मात्र स्वतः केलेल्या प्रकल्पातून दिसते. त्यासाठी शासनाच्या खुल्या विदेच्या संकेतस्थळावरील माहिती किंवा अॅगमार्कनेटवरील बाजारभाव वापरता येतात. उदाहरणार्थ, लासलगावच्या कांद्याची आवक व दर यांचा काही वर्षांचा अभ्यास करताना वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी उमेदवारासमोर येतात. त्यांना कसे तोंड दिले, हे लिहून ठेवलेला एक प्रकल्प घाईने केलेल्या अनेक आकर्षक डॅशबोर्डांपेक्षा मुलाखतीत अधिक उपयोगी पडतो.

मुलाखतीत बहुधा एसक्यूएलची लेखी चाचणी, एखादा तक्ता देऊन त्यातील दोष ओळखण्यास सांगणे आणि 'या महिन्यात विक्री घटली, कारण शोधा' अशा धर्तीचा मोकळा प्रश्न यांचा समावेश असतो. मोकळ्या प्रश्नात उमेदवार उत्तराकडे धाव घेतो की आधी व्याख्या व तुलनेचा आधार विचारतो, हे पाहिले जाते.

कारकिर्दीचे टप्पे

भारतात अनेकांचा प्रवेश 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' या पदावरून होतो. तेथे मुख्यतः एक्सेलमध्ये ठरावीक अहवाल तयार करावे लागतात. हे काम कंटाळवाणे असले, तरी संस्थेच्या नोंदी कोठून येतात हे त्यातून शिकता येते. त्यात अडकून न पडता एसक्यूएल व डेटाची रचना शिकणारे पुढे बीआय विश्लेषक, वरिष्ठ विश्लेषक व गटप्रमुख होतात. काही जण डेटा अभियंता, डेटा शास्त्रज्ञ किंवा उत्पादन व्यवस्थापक या वाटा निवडतात; काही जण वित्त, विपणन अथवा पुरवठा साखळीत विषयतज्ज्ञ म्हणून स्थिरावतात. महाराष्ट्रात मुंबईतील बँकिंग व वित्तक्षेत्र आणि पुण्यातील हिंजवडी, खराडी येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्या ही या कामाची प्रमुख केंद्रे आहेत.

संबंधित पदांशी तुलना

बीआय विश्लेषकाचा भर काय घडले व का घडले यावर असतो. डेटा शास्त्रज्ञ प्रामुख्याने पुढे काय घडेल याची प्रारूपे तयार करतो. डेटा अभियंता विदेची ने-आण व साठवण सांभाळतो. बिझनेस अॅनालिस्ट हे नाव सारखे वाटत असले, तरी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत त्याचे काम बहुधा नव्या संगणकप्रणालीच्या गरजा लिहून काढण्याचे असते. लहान संस्थांत ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे असू शकतात. म्हणून उमेदवाराने पदनामापेक्षा जाहिरातीतील कामाचे वर्णन वाचणे हितावह ठरते.

नैतिक व कायदेशीर बाजू

विश्लेषकाच्या हाती ग्राहक व कर्मचारी यांची व्यक्तिगत माहिती येते. भारताच्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात संमती व वापराचा हेतू यांसंबंधी तरतुदी असून जास्तीत जास्त २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा नियम २५ मे २०१८ पासून लागू असून युरोपातील ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही त्याचा विचार करावा लागतो. नाव व दूरध्वनी क्रमांक काढून टाकणे नेहमीच पुरेसे नसते. लहान गावाच्या अहवालात वय, व्यवसाय व आजार एकत्र दिल्यास व्यक्ती सहज ओळखू येते.

दुसरा प्रश्न मोजमापाच्या दुरुपयोगाचा आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचारावरून ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते विश्वसनीय राहत नाही. ग्राहक सेवा केंद्रात संभाषण लवकर संपवण्यालाच गुण दिले, तर संभाषणे लवकर संपतात, तक्रारी मात्र तशाच राहतात. आधी ठरलेल्या निर्णयाला अनुकूल असा कालखंड किंवा आलेखाची मोजपट्टी निवडण्याचा दबावही विश्लेषकावर येऊ शकतो. व्याख्या, वगळलेल्या नोंदी व तुलनेचा कालखंड अहवालातच नमूद करणे हे अशा दबावापासूनचे व्यावहारिक संरक्षण आहे.

बदलते स्वरूप

साध्या भाषेत विचारलेल्या प्रश्नावरून एसक्यूएल लिहिणारी व आलेख काढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता या क्षेत्रात वापरली जात आहेत. ठरावीक अहवाल तयार करण्याचे काम त्यामुळे झपाट्याने सोपे होत आहे, आणि ज्यांचे काम तेवढ्यापुरते मर्यादित आहे त्यांच्या दृष्टीने हा चिंतेचा विषय आहे. दुबार मोजणी झाली आहे का, दोन ऑक्टोबर महिने तुलनेस योग्य आहेत का, 'सक्रिय ग्राहक' म्हणजे कोण, हे प्रश्न मात्र यंत्राने आकडा काढला तरी शिल्लक राहतात. त्यांची उत्तरे देऊन त्यांची जबाबदारी घेणे, हा या पदाचा गाभा आहे.

हे सुद्धा पहा

संख्याशास्त्र
डेटा वेअरहाऊस
एसक्यूएल
सिम्पसनचा विरोधाभास
प्रशांतचंद्र महालनोबिस